कॅटकोम : एका खळग्याचे नाव

एडगर ॲलन पो यांची 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो' ही १८४६ साली प्रसिद्ध झालेली कथा मराठीत आणण्याचा उद्योग मध्यंतरी आम्ही काही मित्रांनी केला. कथा लहान, भाषा वरवर सोपी. एका बैठकीत मसुदा तयार होईल अशा समजुतीने आम्ही बसलो आणि एका शब्दापाशी अडलो. आपल्या वैऱ्याला उंची मद्याचे आमिष दाखवून निवेदक त्याला वाड्याखाली नेतो. तिथे एका बाजूला मद्याची पिंपे आहेत, दुसऱ्या बाजूला पूर्वजांची हाडे आहेत, आणि या दोहोंना सामावून घेणाऱ्या जागेला पो 'कॅटकोम' म्हणतात. कोशात पाहिले तर 'भुयार', 'तळघर', 'भूमिगत दफनस्थान' असे पर्याय मिळाले. आम्ही 'भुयार' लिहून पुढे सरकलो. पण आमच्यातील एकाने विचारले, की भुयारातून माणूस पलीकडे कुठेतरी बाहेर निघतो ना? या कथेत तर पलीकडे कोणीच निघत नाही.

आक्षेप बरोबर होता. आपल्याकडे जुन्या वाड्याचे, गडाचे किंवा देवळाचे भुयार दूरवर कुठेतरी उघडते अशी आख्यायिका हमखास असते. ते भुयार कोणी पाहिलेले नसते, पण त्याला दुसरे तोंड असते याविषयी गावात दुमत नसते. कॅटकोमला दुसरे तोंड नाही. मग या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि तो आला कुठून? ही विचारणा करता करता आम्ही पो यांच्या कथेपासून बरेच लांब, रोमबाहेरच्या एका रस्त्यावर जाऊन पोहोचलो. हाती जे लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण त्यात एका शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा अधिक काही आहे. एका लहानशा जागेचे नाव साऱ्या जातीचे नाव कसे झाले, आणि ते होताना त्या जागांचे खरे नाव, व त्या नावातला मृत्यूविषयीचा विचार, कसा मागे पडला, याची ही हकीकत आहे.

रोमहून दक्षिणेकडे जाणारा आप्पिया मार्ग इ. स. पूर्व ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियसने बांधायला घेतला. शहराच्या हद्दीत दफन वा दहन करू नये असा रोमचा प्राचीन कायदा होता. त्यामुळे वेशीबाहेर पडताच रस्त्याच्या दुतर्फा थडगी सुरू होत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मैलाच्या दगडांच्या दरम्यान जमीन खाली उतरते. तिथे पोझोलाना या ज्वालामुखीय रेतीच्या खाणी होत्या. रोमन बांधकामातला प्रसिद्ध चुना या रेतीमुळेच इतका चिवट होई. या उतरत्या, खणून पोखरलेल्या भागाला लोक 'काताकुंबास' म्हणू लागले. आपल्याकडे 'खळग्यावर', 'खाणीपाशी' अशी ठिकाणांची नावे पडतात, तसेच हे नाव. ते फक्त त्या एका ठिकाणाचे विशेषनाम होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा थडग्यांचा नाही, तर रथांच्या शर्यतींचा आहे. सम्राट मॅक्सेन्शियसने (कारकीर्द ३०६ ते ३१२) याच भागात आपला प्रासाद आणि शर्यतींचे विस्तीर्ण मैदान बांधले. इ. स. ३५४च्या सुमारास संकलित झालेल्या एका रोमन पंचांगसदृश ग्रंथात या मैदानाचा उल्लेख 'काताकुंबास येथील मैदान' असा येतो. मोकळ्या आकाशाखाली हजारो प्रेक्षकांसमोर रथ धावत, त्या जागेला हे नाव लावताना लिहिणाऱ्याच्या मनात भूमिगत थडग्यांचा विचार असणे शक्य नाही. त्याला एवढेच सांगायचे होते, की मैदान अमुक गावठाणात आहे. त्याच ग्रंथातील हुतात्म्यांच्या यादीत सेबास्तियन हा 'काताकुंबास येथे' असल्याची नोंद आहे. आणि २९ जूनच्या नोंदीत संत पीटरचे नाव याच ठिकाणाशी, इ. स. २५८ या वर्षाच्या उल्लेखासह, जोडलेले आहे. या शेवटच्या नोंदीचा अर्थ काय लावायचा यावर विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की चौथ्या शतकाच्या मध्यात काताकुंबास हे गावाच्या नावासारखे नाव आहे.

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही जागा न पाहताही थोडीशी परिचित असते. बायरनने 'चाइल्ड हॅरल्ड'च्या चौथ्या सर्गात (१८१८) जिच्याविषयी इतके प्रश्न विचारले त्या सेसिलिया मेटेलाचा बुरुजासारखा गोल मकबरा इथून हाकेच्या अंतरावर आहे. गंमत अशी, की बायरनला भुरळ घातली ती जमिनीवर उभ्या असलेल्या एकाकी कबरीने. शेजारच्या खळग्याने नव्हे.

आता नावाच्या अर्थाकडे वळू. 'काता' हे ग्रीक उपपद. उत्तरकालीन बोली लॅटिनमध्ये ते 'पाशी' या अर्थाने रुळले होते, आणि आजच्या स्पॅनिशमधील 'प्रत्येक' या अर्थाचा 'कादा' त्याचाच वंशज मानला जातो. प्रश्न आहे तो 'कुंबास'चा. ग्रीक 'कुंबे' म्हणजे वाडगा, प्याला, खोलगट वस्तू, होडीसुद्धा. तेव्हा काताकुंबास म्हणजे 'खळग्यांपाशी', हा सर्वांत प्रचलित अर्थ, आणि जमिनीचा उतार व खाणी पाहता तो पटतोही. दुसरे मत असे, की मूळ शब्द 'काता तुंबास', म्हणजे 'थडग्यांपाशी', असा असावा आणि लॅटिनमधील 'पडणे, आडवे होणे' या अर्थाच्या धातूच्या ओढीने 'त'चा 'क' झाला असावा. इंग्रजी कोशकार बहुधा दोन्ही मते देतात आणि शेवटी 'व्युत्पत्ती अनिश्चित' असा शेरा मारून मोकळे होतात. आमचा कौल पहिल्या मताकडे आहे, आणि त्याचे कारण व्याकरणात नसून वर सांगितलेल्या रथांच्या मैदानात आहे. थडगी आप्पिया मार्गावर मैलोन्‌मैल होती. 'थडग्यांपाशी' म्हटल्याने पत्ता सांगितल्यासारखे होत नाही. खळगा मात्र इथेच होता.

मराठी वाचकाच्या कानाला 'कुंबे' ऐकताच 'कुंभ' आठवणार, हे आम्हाला ठाऊक आहे. ही तुलना जुन्या भाषाशास्त्रज्ञांनीही केली आहे. मात्र तिला आज भक्कम आधार मानत नाहीत. शब्द एखाद्या तिसऱ्याच, लुप्त भाषेतून दोन्हीकडे गेलेला असू शकतो. व्हॅटिकनची वाटिका करणाऱ्या व्युत्पत्ती आपल्याकडे पुष्कळ झाल्या. त्यांत आणखी एकीची भर घालण्याची आमची इच्छा नाही. थोडा धीर धरला, तर याच गोष्टीत संस्कृतचे एक खरेखुरे भावंड पुढे भेटणार आहे.

ते भेटते ते असे. ज्या भूमिगत दफनस्थानांना आज आपण सरसकट कॅटकोम म्हणतो, त्यांना ती खणणारी माणसे काय म्हणत होती? तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमचा बिशप झेफिरिनस याने कॅलिक्स्टस नावाच्या आपल्या सहायकावर एका दफनस्थानाची देखरेख सोपवली. ही बातमी देणारा हिप्पोलिटस हा कॅलिक्स्टसचा कडवा विरोधक होता, तेव्हा त्याने त्याच्याविषयी बरे काही लिहिलेले नाही. पण त्या जागेसाठी त्याने वापरलेला शब्द 'कोइमेतेरियोन' असा आहे. २५८ मध्ये बिशप दुसरा सिक्स्टस याला अशाच एका ठिकाणी पकडून मारले, तेव्हा कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पत्रातून ती वार्ता कळवली; त्यातही 'किमितेरियो' हाच शब्द आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे झोपण्याची जागा. इ. स. २००च्या आसपास लिहिणारा अथेनियस सांगतो, की क्रीट बेटावर पाहुण्यांना रात्री निजवण्यासाठी जी वास्तू असे तिला हे नाव होते. म्हणजे अतिथिशाळा. पाहुणा रात्री येतो, झोपतो, आणि सकाळी उठून जातो. ज्यांची श्रद्धा अशी होती, की मेलेले एका पहाटे उठणार आहेत, त्यांनी दफनभूमीसाठी हा शब्द निवडला यात नवल नाही. ही नुसती उपमा नव्हती. त्यांच्या दृष्टीने ते वर्णन होते.

कोइमेतेरियोन ज्या क्रियापदावरून आला ते 'केइमाय', म्हणजे 'पडून असणे', या ग्रीक धातूच्या कुळातले. आणि त्या धातूचे संस्कृत भावंड म्हणजे 'शी', 'शेते'. शयन, शय्या हे आपले शब्द आणि कोइमेतेरियोन हे एका मुळाचे. हे नाते निर्विवाद आहे. आणखी मौज अशी, की आपल्याकडे यास्काने निरुक्तात 'श्मशान' शब्दाची फोड 'श्म-शयन', शरीराच्या शयनाची जागा, अशी केलेली आहे. आधुनिक भाषाशास्त्र ती फोड मान्य करत नाही, हे खरे. परंतु दूरच्या दोन परंपरांत, एकीने शब्द घडवताना आणि दुसरीने शब्द सोडवताना, मृतांच्या जागेत झोपच पाहावी हे आम्हाला लक्षणीय वाटते.

कोइमेतेरियोनचे पुढे इंग्रजीत 'सेमेटरी' झाले, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आज सेमेटरी म्हणजे जमिनीवरची, उन्हातली, झाडांची दफनभूमी. आणि जमिनीखालची काळोखी ती कॅटकोम. वास्तविक खालच्या जागेचे नाव सेमेटरी होते आणि कॅटकोम हे वरच्या परिसराचे. दोन शब्दांनी जणू घरांची अदलाबदल केली. ती कशी झाली हे समजण्यासाठी पाचव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतचा काळ डोळ्यांसमोर आणावा लागतो.

रोमभोवती अशी साठाहून अधिक भूमिगत दफनस्थाने आहेत. ती दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेली. रोमच्या भूमीतील टफ हा दगड खोदताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. 'फोस्सोर' नावाचे व्यावसायिक खणारे दिव्याच्या उजेडात या दगडातून अरुंद गल्ल्या खोदत, त्यांच्या भिंतींत एकावर एक आडवे कप्पे कोरत, आणि प्रेत ठेवल्यावर कप्प्याचे तोंड विटांनी वा संगमरवराच्या फळीने बंद करत. ओल्या चुन्यात कधी नाणे, कधी काचेच्या पेल्याचा तळ, कधी मुलाचे खेळणे दाबून ठेवत. शेकडो सारख्या कप्प्यांतून आपला कप्पा ओळखण्याची ती खूण असे. ज्यांना परवडे ते कुटुंबासाठी स्वतंत्र खोली खोदून घेत. या खोलीचे नाव 'कुबिक्युलम'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निजायची खोली असा होतो, पुन्हा झोपच. ज्यूंचीही अशी दफनस्थाने रोमला होती, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कार्बनमापनावरून त्यांतील एक ख्रिस्ती दफनस्थानांहून जुने असल्याचा निष्कर्ष निघाला. तेव्हा ही पद्धत ख्रिस्ती समाजाने शोधली असेही म्हणता येत नाही.

छळाच्या काळात ख्रिस्ती लोक या गल्ल्यांतून लपून राहत, ही समजूत आपल्यापैकी अनेकांच्या मनात पक्की असते. कार्डिनल वाइझमन यांची 'फॅबिओला' (१८५४) किंवा सिएन्किएविच यांची 'क्वो व्हादिस' (१८९६) यांसारख्या कादंबऱ्यांनी आणि नंतर चित्रपटांनी ती पक्की केली. ती टिकत नाही. या जागा गुप्त नव्हत्या. त्या शहरालगतच्या हमरस्त्यांवर होत्या. मृतदेहांनी भरलेल्या अरुंद, कोंदट गल्लीत शेकडो माणसांनी दिवसचे दिवस काढणे शक्यही नव्हते. लोक तिथे जात ते पुरण्यासाठी आणि वर्षश्राद्धासारख्या स्मरणदिनी एकत्र जेवण्यासाठी. काताकुंबास येथेच अशा जेवणाचा एक मंडप विसाव्या शतकातील उत्खननात उजेडात आला. त्याच्या गिलाव्यावर भाविकांनी पीटर आणि पॉल यांना उद्देशून खरडलेल्या सहाशेहून अधिक ओळी आहेत, आणि आपण इथे भोजन घातल्याचे काहींनी त्यांत नमूद केले आहे. या मंडपाच्या तळाखालचा थर उकरला तेव्हा खळग्याचा सारा इतिहास उलगडला : आधी रेतीची खाण, मग तिचे छत कोसळून झालेला खड्डा, त्या खड्ड्यात रोमन कुटुंबांनी बांधलेली, रंगवलेली थडगी, आणि तिसऱ्या शतकात तो भरून टाकून वर उभारलेला हा मंडप.

अंधाराचे भय मात्र कादंबरीकारांनी निर्माण केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. संत जेरोमने आपल्या विद्यार्थिदशेतील एक आठवण लिहून ठेवली आहे. चौथ्या शतकात तो रोमला साहित्य आणि वक्तृत्व शिकत होता. रविवारी मित्रांबरोबर हुतात्म्यांच्या कबरी पाहायला जाई. दोन्ही बाजूंच्या भिंतींत मृत, मधूनच एखाद्या झरोक्यातून आलेला उजेड, बाकी काळोख. आणि त्या काळोखात त्याला आठवली ती बायबलमधील जिवंतपणी पाताळात उतरणारी माणसे, आणि त्यापाठोपाठ व्हर्जिलची ओळ. साहित्याच्या विद्यार्थ्याने भीतीच्या क्षणी पाठ केलेली कविता आठवावी, हे आम्हाला फार ओळखीचे वाटले. पण जेरोम या जागांना काय म्हणतो? 'क्रिप्ता', म्हणजे झाकलेली, गुप्त जागा. काताकुंबास नाही. कारण तो शब्द अजूनही आप्पिया मार्गावरच्या एका ठिकाणाचाच होता.

४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटल्यानंतर भूमिगत दफने जवळजवळ थांबली. पुढच्या शतकांत वेढे आणि लुटालूट होतच राहिली. वेशीबाहेरच्या हुतात्म्यांच्या अस्थी सांभाळणे अशक्य झाले, आणि आठव्या-नवव्या शतकांत पोपांनी त्या मोठ्या प्रमाणावर शहरातील चर्चमध्ये हलवल्या. अस्थी गेल्या तशा यात्राही संपल्या. प्रवेशद्वारे ढासळली, वर द्राक्षाचे मळे झाले, आणि बहुतेक दफनस्थाने विस्मरणात गेली. एक प्रमुख ठिकाण मात्र मध्ययुगभर यात्रेकरूंना उघडे राहिले, कारण त्यावर संत सेबास्तियनचे चर्च उभे होते. ते ठिकाण म्हणजे काताकुंबास. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने बायझंटाइन सम्राज्ञीला लिहिलेल्या पत्रात 'काताकुंबास नावाच्या जागी' असा स्पष्ट उल्लेख आहे. तोपर्यंतही ते नावच होते. पुढे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या तेवढे एकच भूमिगत दफनस्थान पाहून घरी परतू लागले, तेव्हा त्या जातीची वस्तू म्हणजे काताकुंबास अशी त्यांची समजूत होणे स्वाभाविक होते. नवव्या शतकात नेपल्सच्या दफनस्थानाला हा शब्द लावलेला आढळतो. विशेषनामाचे सामान्यनाम झाले ते असे. जे विसरले गेले नाही त्याचे नाव विसरलेल्या सर्वांना मिळाले. आपल्याकडे वनस्पती तुपाच्या कोणत्याही डब्याला लोक डालडा म्हणत, तिथे कारण लोकप्रियता होते. इथे ते विस्मरण आहे.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'काताकुंबास' याच लॅटिन रूपात, रोमच्या त्या ठिकाणाचे नाव म्हणून पोहोचला होता. भूमिगत दफनस्थान या सामान्य अर्थाने तो इंग्रजीत रुळला तो मात्र पुष्कळ नंतर, रोममधील पुनर्शोधानंतर. ३१ मे १५७८ रोजी सालारिया मार्गावरील एका मळ्यात पोझोलाना खणणाऱ्या मजुरांना जमिनीखाली चित्रे आणि कबरी असलेले दफनस्थान सापडले, आणि आपल्या पायांखाली आणखी एक शहर आहे हे रोमच्या ध्यानात आले. त्या शहराचा पहिला थोर संशोधक अंतोनियो बोसियो. १० डिसेंबर १५९३ रोजी, ऐन तारुण्यात, तो डोमितिलाच्या दफनस्थानात उतरला, पुढे पुढे जात वाट चुकला, मेणबत्त्या संपत आल्या. आपल्या मलिन देहाने हुतात्म्यांची ही जागा विटाळणार, अशी भीती वाटल्याचे त्याने लिहिले आहे. तो वाचला, पुढच्या खेपांना भरपूर मेणबत्त्या नेऊ लागला, आणि उरलेले आयुष्य त्याने यातच घालवले. १६२९ मध्ये तो वारला. त्याचा ग्रंथ १६३४ मध्ये बाहेर पडला. त्याचे नाव 'रोमा सोत्तेरानेआ', भूमिगत रोम. कॅटकोम हा शब्द त्या नावात नाही.

पुढील शतकात हा शब्द इंग्लंडमध्ये खेळू लागला तो एका कडाक्याच्या धर्मवादाच्या निमित्ताने. कॅथलिक पंथाला या चित्रांत आणि कबरींत आपल्या परंपरेचे प्राचीनत्व दिसत होते. प्रॉटेस्टंटांना ते मान्य करणे जड जात होते. गिल्बर्ट बर्नेट या इंग्लंडमध्ये पुढे बिशप झालेल्या प्रवाशाने १६८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रांत असे मांडले, की ही मुळी ख्रिस्ती दफनस्थानेच नव्हेत. गुलाम आणि दरिद्री रोमनांना टाकण्याच्या जुन्या खाड्या आहेत. बर्नेटचे म्हणणे टिकले नाही. पण खाणी, खड्डे, टाकून दिलेली माणसे हा त्या शब्दाभोवतीचा वास इंग्रजीत मुरला, असे आम्हाला वाटते. 'झोपण्याची जागा' या शब्दाला असा वास चिकटणे कठीण गेले असते.

दुसऱ्या बाजूने श्रद्धेनेही कमी गोंधळ घातला नाही. १८०२ साली प्रिसिलाच्या दफनस्थानात एक कबर सापडली. तिचे तोंड भाजलेल्या मातीच्या तीन फरश्यांनी बंद केलेले होते. त्यांवरची अक्षरे क्रमाने वाचली तर होत होते 'लुमेना पाक्स तेकुम फि'. काही अर्थ लागेना. पहिली फरशी शेवटी नेली, की वाक्य जुळे : 'तुला शांती असो, फिलुमेना'. इथवर ठीक. पण पुढे या नावाभोवती एका हुतात्मा राजकन्येचे संपूर्ण चरित्र उभे राहिले, १८३७ मध्ये तिच्या सार्वजनिक पूजेला मान्यता मिळाली, आणि जगभर चर्चना व मुलींना तिचे नाव दिले गेले. वसई-गोव्याकडील फिलोमिना या नावाच्या आपल्या मैत्रिणी त्या तीन फरश्यांच्या वारसदार आहेत. ओराझिओ मारुच्ची या पुरातत्त्वज्ञाने पुढे दाखवले, की फरश्या उलटसुलट लागल्या होत्या याचा अर्थ त्या दुसऱ्याच जुन्या कबरीवरून काढून इथे पुन्हा वापरल्या असाव्यात. म्हणजे आत असलेली मुलगी फिलुमेना नव्हेच. १९६१ मध्ये चर्चने हे नाव उपासनेच्या दिनदर्शिकांतून काढले. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही : पाठ अचूक दुरुस्त झाला आणि नेमक्या त्या दुरुस्तीने, तो पाठ त्या जागेचा नव्हे हे दडवले.

याच शतकात जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी (१८२२ ते १८९४) यांनी वाचनाची उलट तऱ्हा दाखवली. १८४९ मध्ये आप्पिया मार्गाजवळच्या मळ्यात त्यांना संगमरवराचा तुकडा मिळाला, त्यावर '...नेलियुस मार्तिर' एवढीच अक्षरे. हा २५३ मध्ये मरण पावलेला पोप कॉर्नेलियस असावा, आणि त्याअर्थी कॅलिक्स्टसचे हरवलेले दफनस्थान या मळ्याखाली असावे, असा त्यांनी तर्क केला. मळा विकत घेण्यासाठी पोप नवव्या पायसचे मन वळवले आणि १८५२ मध्ये खाली जाऊन त्याच फळीचा उरलेला तुकडा शोधून काढला. अर्धा शब्द वाचून त्यांनी उरलेला अर्धा जमिनीतून खणून आणला. या गल्ल्या म्हणजे जुन्या खाणी नव्हेत, दफनासाठीच मुद्दाम खोदलेल्या आहेत, हे त्यांचे गुरू मार्की आणि नंतर दे रोस्सी बंधूंनी निर्विवाद सिद्ध केले. खाणींसाठी रोमन लोक मोकळी रेती शोधत. फोस्सोर तिला टाळून घट्ट टफ शोधत. रेतीत कबर टिकत नाही.

शब्दाने मात्र तोवर आणखी एक वळण घेतले होते. १७८६ मध्ये पॅरिसने आपल्या भरून वाहू लागलेल्या दफनभूमींतील हाडे जुन्या चुनखडीच्या खाणींत हलवायला सुरुवात केली, आणि रोमच्या अनुकरणाने त्यांना कॅटकोम म्हटले. सुमारे साठ लाख माणसांच्या अस्थी तिथे असल्याचे सांगतात. नंतर त्या भिंतींसारख्या रचून जागा पाहण्यासाठी खुली केली गेली. इथे कोणीही पुरले गेले नाही. इथे नावे नाहीत, खुणेचे नाणे वा खेळणे नाही. रोमच्या खणाऱ्यांनी ज्या गोष्टीची इतकी काळजी घेतली, ती, म्हणजे हा माणूस हाच, इथे समूळ गेली आहे. पण गंमत पाहा : दे रोस्सींनी रोमची दफनस्थाने खाणी नाहीत असे सिद्ध केले, आणि पॅरिसची खरोखरच खाणी आहेत. 'खळग्यांपाशी' हा शब्दाचा मूळ अर्थ पॅरिसला अजाणता अधिक लागू पडतो. ओडेसाचे आणखी निराळे. शंखशिंपल्यांच्या चुनखडीने ते शहर बांधले गेले आणि तो दगड काढल्याने खाली जे जाळे तयार झाले त्यालाही कॅटकोम म्हणतात. तिथे दफनभूमी नाही. उलट दुसऱ्या महायुद्धात, १९४१ नंतर, प्रतिकार करणारे लोक तिथे खरोखर लपून राहिले. रोममध्ये जे घडले असे कादंबऱ्यांनी सांगितले आणि जे घडले नव्हते, ते ओडेसात घडले.

पो यांच्याकडे परतू. त्यांच्या कथेत कॅटकोमच्या आतल्या भिंतीवर हाडे छतापर्यंत रचलेली आहेत, आणि ती पॅरिसच्या पद्धतीने रचली आहेत असे निवेदक स्वतःच सांगतो. म्हणजे कथा इटलीत घडत असली तरी शब्द पॅरिसहून आलेला आहे. वैऱ्याला जिवंत भिंतीआड चिणण्यासाठी ही जागा योग्यच : जिथे कोणाच्याच हाडाला नाव नाही, तिथे आणखी एकाची चौकशी पन्नास वर्षे होत नाही. त्यामुळे मराठी अनुवादात आम्ही 'भुयार' खोडले. 'भुयार' हा मूळचा 'भूमिगृह', त्यात घर आहे. ते इथे नको होते. 'सुरुंग' सुचला होता. तो शब्द ग्रीक 'सुरिंक्स'वरून, म्हणजे वेळूच्या बासरीच्या नावावरून, संस्कृतात 'सुरुंगा' होऊन आलेला आहे असे मानतात, पण आजच्या मराठीत त्याला दारूचा वास येतो. शेवटी 'कॅटकोम' तसाच ठेवला, शेवटचा 'ब' इंग्रजांप्रमाणे गिळून.

रोमच्या दफनस्थानांविषयी मराठीत लिहायचे झाले तर काय करावे, हा प्रश्न मात्र बैठकीत उरलाच. एकाने 'शयनगृह' सुचवला. धातू तोच, अर्थ तोच. त्यावर आक्षेप आला, की मराठी वाचकाला शयनगृह म्हटल्यावर पलंग, उशी आणि मच्छरदाणी दिसेल. तिसऱ्या शतकातल्या रोममध्ये कोइमेतेरियोन हा शब्द ऐकणाऱ्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्यालाही मच्छरदाणी सोडून बहुधा तेच दिसत असणार.